गर्दीच्या पेढीसाठी वाय-फाय : डब्यावरचा आकडा नको, दुकानातले मोबाईल मोजा

कापडाचा व्यापार एके काळी वही, गज आणि जबान या तीन गोष्टींवर चालत असे. आज त्यात इंटरनेटची चौथी गोष्ट आली आहे, आणि ती इतर तिघींना अडवू शकते. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. त्यामुळे आता इंटरनेट अडले की गाठी बांधून तयार असतात, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, पण कागद निघत नाही म्हणून माल हलत नाही. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून उभे असते आणि पैसे "पेंडिंग" दाखवतात. मागे रांग वाढते आणि त्यातले दोघे शेजारच्या दुकानात जातात.

हे नेमके गर्दीच्या वेळीच घडते. रमजानचे शेवटचे दहा दिवस, लग्नसराई, दिवाळी. सकाळी दुकान उघडल्यावर सगळे ठीक असते आणि संध्याकाळी सहानंतर गाडी अडते. मग मालक इंटरनेटवाल्याला फोन करतो, शंभरचा प्लॅन तीनशेचा करून घेतो, तरी फरक पडत नाही. आमच्या ओळखीच्या अनेक पेढ्यांवर आम्ही हा प्रकार पाहिला आहे. म्हणून या लेखात गर्दीच्या जागेसाठी वाय-फायचा डबा, म्हणजे ज्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात तो, कसा निवडावा याचा विचार आम्ही व्यापाऱ्याच्या हिशेबाने करणार आहोत.

दोष लाइनचा की हवेचा?

प्रथम एक फरक लक्षात घ्यावा. बाहेरून दुकानात येणारी फायबरची लाइन ही एक गोष्ट आणि दुकानाच्या आत डब्यापासून मोबाईलपर्यंतचा हवेतला रस्ता ही दुसरी गोष्ट. प्लॅन वाढवल्याने पहिला रस्ता रुंद होतो, दुसरा होत नाही. हमरस्ता सहापदरी केला तरी गल्लीत हातगाड्या अडकलेल्या असतील तर माल दुकानापर्यंत पोचणार नाही.

याची परीक्षा सोपी आहे. ऐन गर्दीच्या वेळी एक लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. तारेवर वेग चांगला आणि हवेवर खराब, तर दोष आतला आहे. प्लॅनवर आणखी पैसे घालू नयेत. तारेवरही वेग पडत असेल तर इंटरनेट कंपनीशी बोलावे. ही पाच मिनिटांची तपासणी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असे आमचे सांगणे आहे.

एका वेळी एकच बोलतो

वाय-फायबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की डबा सगळ्यांशी एकाच वेळी बोलतो. प्रत्यक्षात एका चॅनलवर एका क्षणी एकच बोलू शकतो, बाकीचे थांबतात. ही पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलते म्हणून आपल्याला कळत नाही. पण दुकानात चाळीस मोबाईल झाले की पाळी लांबते.

कापडवाल्याला हे चटकन समजेल. दुकानात माप घेणारा एकच आहे असे धरा. चलाख गिऱ्हाईक दोन मिनिटांत उरकते, पण एखादे दाराबाहेर उभे राहून ओरडून विचारते. त्याला दोनदा, तीनदा सांगावे लागते आणि तोवर सगळी रांग अडते. वाय-फायमध्येही दूर कोपऱ्यातला किंवा जुना मोबाईल हळू बोलतो आणि जवळच्या वेगवान मोबाईलचा वेळ खातो. म्हणजे एका कमजोर गिऱ्हाइकाचा भार सगळ्यांवर पडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. डब्याची ताकद वाढवणे हा इलाज नव्हे. डबा मोठ्याने बोलेल, पण मोबाईलचा आवाज तेवढाच लहान राहील; त्याचे उत्तर डब्यापर्यंत पोचणार नाही. खरा इलाज म्हणजे माप घेणारे वाढवणे आणि गिऱ्हाईक त्यांच्या जवळ आणणे.

डब्यावरचा आकडा काय सांगतो?

बाजारात डब्यावर "एएक्स १८००", "एएक्स ३०००" असे आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात. हे आकडे खोटे नाहीत, पण ते ज्या हालतीत खरे ठरतात ती हालत आपल्या दुकानात नसते. एएक्स ३००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर २४०२ एमबीपीएस, या दोहोंची बेरीज. एक मोबाईल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणजे ही बेरीज कोणा एकाच्या हाती येत नाही.

शिवाय २४०२ हा वेग १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर मिळतो. गर्दीच्या मार्केटमध्ये, जिथे प्रत्येक गाळ्यात एकेक डबा आहे, तिथे एवढा रुंद रस्ता मोकळा मिळणे कठीण. तोच डबा ८० मेगाहर्ट्झवर १२०१, ४० वर ५७४ आणि २० वर २८७ पर्यंत येतो. प्रत्यक्ष हाती येणारा वेग त्याच्याही साधारण निम्मा धरावा. घाबरण्याचे कारण नाही. बिल आणि यूपीआयला फार थोडा वेग लागतो. दुकानदाराला वेगापेक्षा पाळी लवकर येणे महत्त्वाचे आहे. म्हणून गर्दीच्या जागी चॅनल मुद्दाम अरुंद, २० किंवा ४० मेगाहर्ट्झचा ठेवावा. त्यामुळे शेजाऱ्याशी टक्कर कमी होते आणि आपले दोन-तीन डबे वेगवेगळ्या चॅनलवर बसवता येतात.

पट्ट्यांबद्दलही थोडे समजून घ्यावे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त झाला. तो लांब जातो, भिंत ओलांडतो, पण त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल फक्त तीन : १, ६ आणि ११. त्यातच ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीचा गोंधळ. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर खुला झाला. तो कमी अंतर जातो पण त्यात जागा भरपूर आहे. गर्दीच्या दुकानात मोबाईल ५ वर राहतील अशी व्यवस्था करावी आणि २.४ जुन्या यंत्रांसाठी ठेवावा.

वाय-फाय ५, ६, ७ : कोणते घ्यावे?

हे क्रमांक २०१८ पासून वापरात आले. वाय-फाय ५ हे २०१३ चे तंत्र, वाय-फाय ६ ची प्रमाणपत्रे २०१९ पासून आणि वाय-फाय ७ ची जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. गर्दीच्या जागेसाठी आमचा कौल वाय-फाय ६ ला आहे, आणि कारण वेग नव्हे. पूर्वीच्या पद्धतीत एका मोबाईलच्या लहानशा निरोपासाठीही पूर्ण चॅनल अडत असे, जणू एका पार्सलसाठी आख्खा टेम्पो. वाय-फाय ६ मध्ये एकाच फेरीत अनेकांची लहान पार्सले एकत्र जाऊ शकतात. मोबाईलही वाय-फाय ६ चा असला तरच हा फायदा मिळतो, पण नवे मोबाईल तसे येत आहेत.

वाय-फाय ७ साठी जादा पैसे देण्यापूर्वी आपल्या गुमास्त्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या हातात कोणते मोबाईल आहेत ते पाहावे. काही वाय-फाय ७ डब्यांत नवा ६ गिगाहर्ट्झ पट्टा असतो, काहींत नसतो. या पट्ट्याचा ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा भाग खुला करण्याचा नियमांचा मसुदा केंद्राच्या दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला होता. म्हणून विक्रेत्याला स्पष्ट विचारावे की हा पट्टा या मॉडेलमध्ये भारतासाठी चालू आहे काय. परदेशातून कोणाबरोबर आणलेला डबा स्वस्त दिसतो, पण त्याला भारताची मंजुरी आणि इथली वॉरंटी असेलच असे नाही.

आधी मोजणी, मग खरेदी

आता हिशेबाकडे येऊ. एक मध्यम ठोक दुकान धरा : खाली विक्री, वर पोटमाळा, मागे गोडाऊन. बिलिंगचे संगणक तीन, प्रिंटर एक, कार्ड मशीन दोन, कॅमेरे चार, गुमास्त्यांचे मोबाईल सहा आणि गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकांचे पंचवीस. एकूण एकेचाळीस.

यातून पहिली कपात तारेने करावी. आमचा साधा नियम असा : जे हलत नाही ते तारेवर, जे हलते ते हवेवर. संगणक, प्रिंटर, कॅमेरे हे आठ तारेवर गेले. कॅमेरे तर अवश्य, कारण एकेक कॅमेरा दिवसभर दोन ते चार एमबीपीएस ओढत असतो आणि त्याची पाळी कधी संपत नाही. हवेवर उरले तेहतीस, आणि बिलिंग तर गर्दीतून पूर्ण बाहेर पडले. एवढी एक गोष्ट केली तरी पुष्कळ दुकानांचा त्रास निम्मा होईल.

खोक्यावर "२०० उपकरणे" असे लिहिलेले असते. तेवढी जोडली जातील, पण सगळी एकदम बोलू लागली तर चालतीलच असे नाही. एका डब्यावर एकाच वेळी पंचवीस-तीस चालू मोबाईलपेक्षा जास्त भरोसा ठेवू नये, असे आम्ही मानतो. वरच्या दुकानाला त्यामुळे विक्रीच्या भागात एक, पोटमाळ्यावर एक आणि गोडाऊनमध्ये माल स्कॅन होत असेल तर तिसरा, असे मध्यम दर्जाचे डबे पुरतात. एक महागडा "आठ अँटेनावाला" डबा काउंटरवर ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

इथे एक सावधगिरी. दुकानदार पुष्कळदा तार ओढायची कटकट नको म्हणून "मेश" किंवा रिपीटर घेतात. त्यात एक डबा दुसऱ्याशी हवेतूनच बोलतो, म्हणजे तोच निरोप हवेत दोनदा जातो आणि गर्दी कमी होण्याऐवजी वाढते. घराला ते ठीक आहे. पेढीला प्रत्येक डब्यापर्यंत तार हवी.

शटर, आरसा आणि ताग्यांची थप्पी

जागा निवडताना पाहायचे ते असे. लोखंडी रॅक, शटर, पत्रा आणि मोठा आरसा यांना लहरी ओलांडत नाहीत, त्या परत फिरतात. सिमेंट काँक्रीटची भिंत निम्म्याहून जास्त ताकद खाते. छतापर्यंत रचलेल्या ताग्यांच्या थप्प्याही लहरी शोषतात, आणि पावसाळ्यात माल ओलसर असला तर जास्तच. रिकाम्या गोडाऊनमध्ये उत्तम चाललेला डबा सीझनचा माल भरल्यावर दम टाकतो तो यामुळे. म्हणून तपासणी माल भरलेला असताना करावी.

डबा छताला, मोकळ्या जागी, माणसांच्या डोक्यावर लावावा. कपाटात, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा रॅकमागे लपवू नये. नंतर अँड्रॉइड मोबाईलवर सिग्नल मोजणारे मोफत ॲप घेऊन दुकानभर चालावे. आकडा उणे असतो. उणे ६५ हा उणे ७५ पेक्षा चांगला, आणि हा दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहा पटींचा फरक. काउंटर आणि जिथे पैसे घेतले जातात तिथे उणे ६७ पेक्षा खराब आकडा स्वीकारू नये.

यंत्रमाग आणि शिलाईच्या कारखान्यात

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारखानदार बांधवांसाठी चार शब्द वेगळे. सांच्यांचा आवाज वाय-फायला बाधत नाही. बाधतो तो पत्रा, लोखंड, गरमी आणि तूस. उडणारा तूस डब्याच्या जाळीत आणि अडॅप्टरवर साचतो, उष्णता अडते, आणि तुसाजवळ तापलेला अडॅप्टर म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून पंखा नसलेला, धुळीपासून बंद असलेला डबा घ्यावा. आयपी ६७ सारख्या नोंदीतला पहिला अंक धुळीचा असतो आणि ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. त्याचा अडॅप्टर कारखान्यात ठेवूच नये. वीज कशी द्यावी ते पुढे सांगितले आहे. डेटाची तार मोटारीच्या वीजतारेला चिकटवून नेऊ नये, वेगळ्या पाइपातून न्यावी.

तार आणि वीज

ॲक्सेस पॉइंटला इंटरनेटच्या तारेतूनच वीज देता येते. तिला पीओई म्हणतात. २००३ च्या प्रमाणात एका तारेवर १५.४ वॅट आणि २००९ च्या प्रमाणात ३० वॅट देता येतात. डब्याला किती लागते ते आधी वाचावे आणि स्विच घेताना त्याची एकूण ताकद पाहावी. आठ तोंडांचा स्विच एकूण ६० वॅटचाच असेल तर त्यावर १५ वॅटचे चारच डबे चालतील.

तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरपेक्षा लांब नको. तारेत फसवणूक फार होते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार शुद्ध तांब्याच्या नावाने विकली जाते. ती वजनाला हलकी, लवकर तुटणारी आणि वीज वाहताना तापणारी. सोनाराकडे जशी कस पाहून खरेदी करतो तशी ही तार टोक खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर परत करावी. डबा पाच वर्षांनी बदलेल, भिंतीतली तार पंधरा वर्षे राहील. काटकसर करायचीच तर डब्यात करावी, तारेत नको.

भारनियमन किंवा फ्यूज उडण्याच्या वेळी फायबरचा डबा, राउटर आणि पीओई स्विच हे तिन्ही एका लहान यूपीएसवर असावेत. तिघांपैकी एक जरी बंद पडला तरी साखळी तुटते. सीझनपुरते तरी दुसऱ्या कंपनीचे सिमवर चालणारे कनेक्शन हाताशी ठेवावे.

कुलूप लावणे ही चैन नव्हे

वाय-फाय उघडे ठेवणे किती महाग पडते याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाडा येथील एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचे आढळले. घरमालक परदेशी नागरिक, त्याचा संबंध नव्हता. त्याचे नेटवर्क उघडे होते इतकेच. तरी चौकशीला त्यालाच तोंड द्यावे लागले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. निर्दोष माणसाला निर्दोषपणा सिद्ध करायला किती दिवस, किती वकील आणि किती बदनामी लागते हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

म्हणून डब्यात डब्ल्यूपीए ३, निदान डब्ल्यूपीए २ सुरक्षा असावी. पेढीचे आणि गिऱ्हाइकांचे नेटवर्क वेगळे असावे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधून आपल्या हिशेबाच्या संगणकाकडे रस्ता जाणार नाही. गुमास्ता नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलावा. गिऱ्हाइकांना सर्रास मोफत इंटरनेट द्यायचेच असेल तर पासवर्ड भिंतीवर चिकटवण्यापेक्षा, डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेसारख्या नोंद ठेवणाऱ्या मार्गाचा विचार करावा.

खरेदीच्या वेळी विचारायचे प्रश्न

सगळे डबे एका ठिकाणाहून सांभाळण्यासाठी जे सॉफ्टवेअर लागते ते मोफत आहे की दरवर्षी पैसे मागते, हे आधी विचारावे. युनिफाय आणि टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेत ते वार्षिक परवान्याशिवाय मिळते. सिस्को मेराकीचा माल मात्र परवान्यावर चालतो आणि परवाना संपला की कारभार थांबतो. दोन्ही पद्धती आपल्या जागी योग्य आहेत. मोठ्या कंपनीला परवान्याबरोबर येणारी सेवा परवडते, लहान पेढीने पाच वर्षांचा एकूण खर्च मांडूनच निर्णय घ्यावा.

दुसरे, सीझनमध्ये बिघाड झाला तर कोण येणार आणि किती तासांत, हे बिलावर लिहून घ्यावे. तिसरे, पक्के बिल घ्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्या, कंपोझिशनमध्ये नसलेल्या व्यापाऱ्याला भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते आणि वॉरंटीही शाबूत राहते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डबे बसवणारा पोरगा बहुधा स्वतःच्या ई-मेलवर खाते उघडतो आणि सगळे पासवर्ड त्याच्याकडे राहतात. उद्या त्याने धंदा बदलला किंवा पैशांवरून खटका उडाला तर आपल्याच दुकानात आपण परके. खाते मालकाच्या नावे, मालकाच्या ई-मेलवर उघडावे. तारा कुठून गेल्या, कोणता डबा कुठे आहे, पासवर्ड काय, हे एका कागदावर लिहून तो कागद गल्ल्याच्या कुलपात ठेवावा. गोडाऊनच्या चाव्या आपण हमालाकडे ठेवत नाही, मग या चाव्या का ठेवाव्यात?

सीझनच्या तोंडावर घाईने डबा आणण्यापेक्षा मंदीच्या महिन्यात एक दुपार या कामाला द्यावी. तारेवर वेग मोजावा, हवेवर किती जण आहेत ते मोजावे, आणि मगच विक्रेत्याशी भाव करायला बसावे.